नाव घे, कचरा म्हणू नको

१५ डिसेंबर १९७८

हिरा, आज तुझी खोली रिकामी केली. घरमालकाला नवीन भाडेकरू मिळाला आहे, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत थांबायची सोय नव्हती. जतहून तुझे बिरूमामा आले होते. त्यांनी घोंगडी घेतली, पितळेचा तांब्या घेतला, तुझ्या आईचा फोटो घेतला आणि उंबऱ्यावर बसून राहिले. "बाकीचं तुमीच बगा, बाई," म्हणाले.

बाकीचं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. सुतळीचे गुंडे. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, धुऊन उपड्या ठेवलेल्या. जुन्या पातळांच्या चिंध्या. एका बाजूने कोरे असलेले कागद. सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या चकत्या, त्या कशासाठी ते देव जाणे. मी माझ्या सवयीने तीन ढीग करायला घेतले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. दुपारचा चहा झाला तरी टाकायच्या ढिगात काही पडेना. शेवटी चिडून मी एक तुटका कंगवा तिथे फेकला. मामांनी तो उचलला, उजेडाला धरून बघितला आणि खिशात घातला. "लोकर इंचरायला हुतोय," म्हणाले. तुझं सगळं घराणंच असं.

शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर लेख हवा, असं मराठीच्या सरांनी सांगितलं आहे. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी किती वर्षं, हे ऑफिसात आहे, ज्याला हवं त्याने जाऊन बघावं. मला तुझ्याशी एका व्यवहाराच्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे आणि दमले असले तरी आजच बोलायला हवं. उद्या सकाळी गवंडी येणार आहे.

सुभेदार आबांनी तुझं स्मारक करायचं ठरवलं आहे. शाळा कमिटीचे ते अध्यक्ष, पलटणीतून निवृत्त झालेले, एकदा ठरवलं की ठरवलं. शाळेमागचे तुझे दोन्ही खताचे खड्डे बुजवायचे, वर सिमेंटचा बाक बांधायचा, भोवती गुलाब लावायचे आणि संगमरवरी पाटीवर तुझं नाव कोरायचं. विटा येऊन पडल्या आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तुझं बारावं होईपर्यंत कोणाशी वाद घालायचा नाही, असं ठरवलं होतं. ते झालं.

आपलं पहिलं भांडण 'कचरा' या शब्दावरून झालं, आठवतं? दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी नववीच्या मुलांनी आवार झाडायचं, ढीग करायचा आणि पेटवायचा, हा माझा नियम. तू नवीन आलेली विज्ञानाची बाई. त्या शनिवारी तू ढिगासमोर उभी राहिलीस आणि काडी ओढायच्या बेतात असलेल्या दिलीपला, म्हणजे आबांच्या नातवाला, विचारलंस, "यात काय आहे?"

"कचरा हाय, बाई."

"कचरा नावाची वस्तू मला उचलून दाखव."

तो गोंधळला. त्याने एक मूठ उचलली. तू म्हणालीस, "आता नाव घे. कचरा म्हणू नको, ज्याचं त्याचं नाव घे."

'नाव घे' म्हटल्यावर मुली फिदीफिदी हसायला लागल्या. नव्या नवरीला सोडून 'नाव घे' कोणाला म्हणतात? पण तू हटली नाहीस. आंब्याचं पान. वहीचं पान. शेंगांची फोलपटं. पेन्सिलीचा भुसा. खिळा. बांगडीची काच. स्वेटरचा धागा. ढीग जाळायला एक काडी पुरली असती, त्याची नावं घेण्यात अख्खा तास गेला. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई टिकायची नाही.

नंतर तुला बोलावून मी विचारलं, हा काय खेळ आहे? तू म्हणालीस, "बाई, पोराने 'खिळा' म्हटलं की त्याला लोहार आठवतो. 'पान' म्हटलं की झाड आठवतं. 'कचरा' म्हटलं की फक्त काडेपेटी आठवते." मी म्हटलं, ठीक आहे, पण तासाचा अभ्यासक्रम वेळेत संपवायचा. तू तो संपवलास. तेवढ्यात मुलांकडून दोन खड्डेही खणून घेतलेस.

मग ती सुमन. वर्गात कधी तोंड न उघडणारी सुमन एका शनिवारी डोक्यावर रुमालाचा पदर घेऊन खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि लाजल्याचं सोंग करून म्हणाली,

"चहाचा चोथा, केळीच्या साली,
आज टाकते खड्ड्यात, पिकंल पुढच्या साली!"

"आन् दिलप्याचं नाव कवा घेतीस गं?" मागून कोणीतरी ओरडलं. सुमनने हातातला खराटा फेकून मारला. त्यानंतर दर शनिवारी उखाण्यांची चढाओढ. निम्मे उखाणे अंकात छापण्याजोगे नव्हते. तू सगळे ऐकून घेत होतीस.

ते खूळ घराघरांत गेलं. एक दिवस आबा काठी आपटत ऑफिसात आले. "हेडबाई, ह्ये काय चालवलंय? म्या रानात पाचट पेटवाया गेलो तर नातू म्हनतोय, आबा, आदी नाव घ्या! आमच्या मंडळींनी लग्नात एकदा माझं नाव घेतलं, तेवढंच. आन् ह्यो मला पाचटाचं नाव घ्याया लावतोय!"

"मग घेतलंत का?" मी विचारलं.

"घेतलं की. पाचट म्हनलो आन् दिली काडी लावून."

ऊस तुटून गेला की राहिलेलं वाळकं पाचट जाळायचं, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही आणि कोणी विचारत नाही. माझ्या माहेरी, रहिमतपूरला, आमचे वडीलही जाळायचे. जळताना बघायला आम्ही बांधावर पळत जायचो. तू पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातली. तुमच्याकडे वाळकी काडी म्हणजे वैरण. पाचटाचा जाळ बघून पहिल्या वर्षी तू मला म्हणाली होतीस, "आवं बाई, ह्ये लोक ताट वाढून घेऊन पेटवत्यात की वो!" चिडलीस की तुझी शुद्ध भाषा सुटायची. मला ती दुसरी भाषा जास्त आवडायची. हे तुला सांगायचं राहिलं.

सव्वीस जानेवारीचं तर अंकात लिहावंच लागेल, नाहीतर मुलं मला सोडणार नाहीत.

दुष्काळाचं साल. जत भागातले कळप चाऱ्यासाठी नदीकाठाला उतरले होते, त्यात तुझ्या बिरूमामांचाही होता. मेंढरं रात्रीपुरती रानात बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी जमीन खतवायची आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. तुझ्या मनात शाळेमागची भाजीची पट्टी होती. तू मामांना निरोप धाडलास, "शाळेच्या रानात बसवा."

मेंढपाळाला उघडी जागा दिसली की ते रान. मामा अंधार पडताना आले, त्यांनी आवार बघितलं आणि त्यातली सगळ्यात चांगली, सपाट, झाडलेली जागा निवडली.

सकाळी पांढरेशुभ्र कपडे घालून सगळी शाळा झेंडावंदनाला आली. मैदानावर कवायतीसाठी आदल्या दिवशी चुन्याच्या फक्कीने आखलेला मोठा चौकोन होता. त्या चौकोनात, रेषेच्या आत, अगदी काठोकाठ मेंढरं बसली होती. आम्ही जाईपर्यंत ती उठून बाजूला झाली, आणि खाली जे राहिलं ते राहिलं.

आबा कोटावर पदकं लावून आले. "ह्ये काय हाय?" त्यांनी गरजून विचारलं.

दिलीपच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "लेंड्या, आबा."

"घेतलं गं बाई नाव!" सुमन म्हणाली, आणि सगळी शाळा फुटली.

तू मात्र पांढरीफटक. "मामा, म्या रानात म्हनलं हुतं!"

"मग ह्ये काय हाय?" मामांना कळेचना. "लय झ्याक रान हाय की. आन् तुमीच तर फक्की टाकून जागा आखून दिलीसा. एक मेंढरू भाईर जाऊ दिलं न्हाई म्या."

मी शिपायाला हाक मारली. मला झेंड्याची वेळ गाठायची होती. तू म्हणालीस, "थांबा, बाई." पदर खोचलास, घमेलं घेतलंस आणि खाली बसलीस. मुलांना एक शब्दही बोलली नाहीस. सुमन आली. तिच्यामागून इतर मुली आल्या. उसाच्या घरची मुलं हात मागे बांधून उभीच. त्यांच्या घरी हे काम गड्याचं. दिलीप आपल्या पांढऱ्या पँटकडे बघत होता.

तेव्हा आबांनी काठी दुसऱ्याच्या हातात दिली. "दिलीप! फॉलिन! घमेलं उचल. पलटनीत आमी खेचरांची लीद उचललीया. ही मेडलं काय कोरड्या हातानं मिळाली न्हाईत."

झेंडा त्या दिवशी उशिरा चढला आणि सलामी देणाऱ्या हातांना वास होता. त्या वर्षी परसातली वांगी अशी आली की तालुक्याचे साहेब दोनदा चौकशीला आले, दोन्हीदा जेवायच्या वेळेला.

पण त्याच आठवड्यात काही मंडळींनी कमिटीकडे तक्रार केली की ही धनगराची बाई शाळेचा मेंढवाडा करायला निघाली आहे, तिला काढा. आबांनी ती बैठकीत घेतलीच नाही. तुला कळलं तेव्हा माझ्यासमोर तू मोठ्याने हसलीस, "मेंढवाडा बरा की बाई, सगळ्यांचं रान सारखंच खतवतो तरी," म्हणालीस. मग प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेतलंस. मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते. दार वाजवलं नाही. वाजवून काय बोलायचं ते मला सुचलं नव्हतं. आजही सुचत नाही.

आता आपला राहिलेला वाद. कार्यानुभव हा विषय आला तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, आता खड्ड्याच्या कामाला गुण देता येतील. तू साफ नाही म्हणालीस.

"गुण दिले की पोरं गुणांसाठी उचलतील."

"उचलतील ना? मग झालं."

"आणि दहावीनंतर?"

"दहावीनंतर ती माझ्या पटावर नसतात."

तू माझ्याशी कितीतरी दिवस कामापुरतं बोलत होतीस. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कशाचं तरी आमिष लागतं. चांगुलपणाची सवय नंतर लागते, लागलीच तर. तू म्हणायचीस, वस्तूचं नाव कळलं की माणसाला ती फेकवत नाही. मी म्हणायचे, माणसाला सगळं कळतं आणि तरी फेकवतं.

गेल्या आठवड्यात नदीकडून येत होते. आबांचं रान पेटलं होतं. हल्ली शेती दिलीप बघतो. तो बांधावर उभा होता, मिशी फुटलेला बाप्या. मला बघितलं आणि हातातली काडेपेटी पाठीमागे लपवली.

"काय रे दिलीप?"

"काय न्हाई, बाई. पाचट." आणि खाली बघून हसला.

लपवली म्हणजे शिकला, असं तू म्हणाली असतीस. मला ऐकू येतंय तुझं म्हणणं. पण हिरा, पाचट जळालंच ना. घरी येईपर्यंत माझ्या पांढऱ्या पातळावर काजळी पडली होती. इतकी वर्षं शनिवारामागून शनिवार घालवायचे आणि हाताला काय लागतं, तर एका मुलाने काडेपेटी लपवली. मला याचा शीण येतो. तुला कसा येत नव्हता? हे तुला विचारायचं होतं, सांगलीला दवाखान्यात तुला बघायला आले होते तेव्हाच.

सांगलीला मी तुला काय विचारलं? जेवण जातं का. आणि तू मला काय विचारलंस? नववीत यंदा मुली किती. दवाखान्यातून सुटलीस की विश्रामबागेत चुलतबहिणीकडे राहायचं, मग जूनला शाळेत यायचं, असं आपण दोघींनी सरळ तोंडाने ठरवलं. शेजारच्या खाटांवरच्या बायकांना तू नावं घ्यायला लावली होतीस. मी निघताना त्यांनी सगळ्यांनी मिळून एक कागदाची पिशवी माझ्या हातात दिली. मोसंबीच्या साली.

"खड्ड्यात टाका, बाई," तू म्हणालीस. "इथं त्या नुसत्या जाळतात."

एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. कराडच्या पुढे कंडक्टर म्हणाला, "बाई, वास कशाचा यतोय?"

"मोसंबीच्या साली आहेत."

"मग टाका की खिडकीतनं."

"पोचवायच्या आहेत."

"साली? कुनाला?"

मी सरळ सांगितलं, शाळेत शिकवते, शाळेला न्यायच्या आहेत. तो पुढच्या सीटवरच्या माणसाकडे बघून डोळ्यांनी काहीतरी बोलला. मला राग आला, पण त्याच्यावर नाही. तू अशी निजलेली, रंग उतरलेला, आणि आपण दोघी सालींवर बोलत बसलो म्हणून राग आला. साली मात्र पोचवल्या.

उपकार वगैरे शब्द मला लिहिता येत नाहीत. माझ्या घरी आता काडी ओढायच्या आधी हात थांबतो, एवढं सांगते. पुष्कळदा थांबतो. दरवेळी नाही.

आता उद्याचं. नवीन विज्ञानाच्या सरांनी स्पष्ट सांगितलं आहे की ते खड्ड्याला हात लावणार नाहीत, त्यांची बी.एस्सी. त्यासाठी नाही. कोणी बघणारच नसेल तर खड्डे सडतील, माशा होतील आणि मग आबांचं म्हणणं रास्तच ठरेल. बाकावर निदान कोणी बसेल तरी. मी थकले आहे, हिरा. मला निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत आणि त्या खड्ड्याजवळून जाताना मी आजवर नाकाला पदर लावत आले. दिवा मालवते.

१६ डिसेंबर

काल अर्धवट राहिलं ते पुरं करते.

सकाळी मी शाळेत गेले तेव्हा गवंडी दोरी लावत होता. आबा विटांवर बसले होते.

"आबा," मी म्हटलं, "पाटीवर काय लिहायचं ठरलंय?"

"आदर्श शिक्षिका, असं लिवू."

"मेल्यावर सगळ्याच असतात. हिने काय केलं ते लिहा."

त्यांनी काठीने दाखवलं. "ह्ये खड्डं केलं."

"ते तर तुम्ही बुजवताय."

गवंड्याने दोरी हातातच धरली. आबा मिशीवरून हात फिरवत राहिले. "आवं, मग उकिरड्यावर पाटी लावू व्हय? लोक हसतील."

"ती आल्यापासून हसताहेत. पाटी आवारातल्या पिंपळाला लावा, बाकही तिथेच बांधा. खड्डे राहू द्यात."

"आन् बगनार कोन?"

"मी."

"तुमी? हेडबाई, तुमी हितनं जाताना नाकाला पदर लावता. म्या बगितलंय की."

"आता खोचीन."

ते हसले नाहीत. "पाडव्यापातूर बगतो," म्हणाले. "घाण दिसली तर म्या ऐकायचा न्हाई." गवंड्याला हाताने खूण केली आणि गेले. विटा आहेत तिथेच आहेत.

शेवटच्या तासाला मी नववीला खड्ड्यापाशी नेलं. आधीच सांगितलं की या कामाला यंदापासून गुण मिळतील. तुला ते आवडलं नसतं. मला जमेल तसंच मी करणार. मुलं माझ्याकडे बघत उभी होती. मी पदर खोचला, फावडं हातात घेतलं आणि लक्षात आलं की सुरुवात कुठून करायची हे मला माहीत नाही. इतकी वर्षं खिडकीतून बघितलं, पण नीट कधी बघितलंच नव्हतं.

"वरचा थर आधी काढायचा की कडेचा?" मी विचारलं.

पुढच्या रांगेतली कमल म्हणाली, "आदी पानी मारायचं, बाई. लय सुकलंय."

आम्ही पाणी मारलं.